मफलरने वळून बघितलं का

सकाळी पावणेनऊला ताई आपल्या सख्ख्या भावाशी एक शब्द खोटं बोलली, आणि त्या एका शब्दाने तिला दुपारपर्यंत एका जागी बसू दिलं नाही. शब्द तरी केवढा? "बघितलं." बास, एवढाच. लोक अख्खी आयुष्यं खोटं बोलून वर ढाराढूर झोपतात. ताईचं तसं नाही. तिच्या पोटात खोटं टिकतच नाही, आंबट ढेकरासारखं सारखं वर येतं.

आधी ती कोण ते सांगायला हवं. ताई जनावरांची डॉक्टर. एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर लांबलचक व्हरांडा आहे आणि त्यात समोरासमोर दोन दारं. उजव्या दारात तिचा धाकटा भाऊ बसतो. तो सर्जन. मोडलेली हाडं जोडतो, गाठी काढतो, वेळ आली तर कणा उघडून पुन्हा शिवतो. डाव्या दारात ताई. ती सुया टोचते. केसाएवढ्या बारीक सुया, कुत्र्याच्या पाठीवर, मांजराच्या कानामागे, एकदा तर एका म्हाताऱ्या कासवाच्या मांडीत. जोडीला मालिश, शेक, मुळ्यांचे काढे. व्हरांड्यात नवं गिऱ्हाईक आलं की काउंटरवरची बाई मान वर न करता विचारते, "सुई की सुरी?" आणि उत्तर येईल त्या दिशेला हात करते.

आता कोणी म्हणेल, जिला कापायला जमलं नाही ती सुया टोचत बसली. असं कोणी म्हणालं की ताईच्या नाकाला मिरच्या झोंबतात. तिने स्वतः आठ वर्षं चाकू चालवला होता. धाकट्याला पहिला टाका घालायला तिनेच शिकवलं होतं. पण दोन्ही खुबे झिजलेली, हृदय दमलेली म्हातारी कुत्री तिच्यापुढे यायची, आणि तिला वाटायचं, यांना काय कापायचं? यांना जरा बरं वाटायला हवं, उन्हात जाऊन बसता यायला हवं, एवढंच. म्हणून ती सुया शिकायला गेली. परत आली तेव्हा हत्यार बदललं होतं, स्वभाव होता तस्साच होता, तापट आणि घायकुता.

तिच्या खोलीचा एकच नियम होता. इथे कोणाला दुखवायचं नाही. म्हणून तिच्याकडे स्टीलचं टेबल नाही, जमिनीवर जाड गादी आहे. दिवा मंद. मालकाने गादीवर मांडी घालून बसायचं, जनावराचं डोकं मांडीवर घ्यायचं आणि त्याच्या तोंडासमोर मऊ चीज फासलेली पसरट वाटी धरायची. जनावर चाटत राहतं, मागे सुया जात राहतात, त्याला पत्ताही लागत नाही. अकरा वर्षं हे असंच चाललं होतं. सगळ्यांना सोयीचं होतं. आणि घोळ नेमका तिथेच झाला.

त्या सकाळी आठ वाजता दार उघडायच्या आधीच मावशी पायरीवर बसलेली होती. मावशी म्हणजे ताईची आणि धाकट्याची सख्खी मावशी, आईच्या पाठची. वय एकाहत्तर. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं ऑपरेटर होती, आता एकटी राहते. एकटी म्हणजे मफलरसोबत. मफलर हा तिचा कुत्रा, तो बुटका, लांबुळका, पोट जमिनीला टेकेल असा असतो ना, त्या जातीचा. पिल्लू असताना तिच्या गळ्याभोवती झोपायचा, म्हणून मफलर. आज तो टॉवेलात गुंडाळलेला होता आणि त्याचे मागचे दोन्ही पाय टॉवेलाबाहेर लोंबत होते.

"रात्री अकराला बरा होता," मावशी म्हणाली. "पाचला उठले तर पुढच्या पायांनी स्वतःला ओढत दाराशी आला. मागचे पाय फरशीवरून नुसते फरफटत. ठमे, मी आधीच सांगते. कापायचं नाही."

मावशी ताईला ठमीच म्हणते. चव्वेचाळीस वर्षांच्या बाईला सगळ्यांदेखत ठमे म्हणणारी एवढी एकच व्यक्ती जगात उरली होती.

कापायचं नाही याला कारण होतं. दोन वर्षांपूर्वी मावशीची आधीची कुत्री, गुंडी, धाकट्याच्या टेबलावर गेली. साधी गाठ होती. भूल दिली आणि गुंडीने श्वास सोडला तो पुन्हा घेतलाच नाही. कोणाची चूक नव्हती, सगळे म्हणाले. मावशीही म्हणाली. धाकट्याला ती अजून जेवायला बोलावते, वाढते, त्याच्या तब्येतीची चौकशी करते. पण त्या उजव्या दारातून तिने पुन्हा पाय आत टाकला नव्हता, आणि धाकट्याने तिला ये म्हटलं नव्हतं.

ताईने मफलरला गादीवर घेतलं. जीभ पाहिली, मांडीच्या आतल्या बाजूची नाडी पाहिली, पाठीवरून दोन बोटं फिरवली. कमरेच्या वर एका मणक्यापाशी तो कण्हला. मणक्यांमधली गादी सरकून मज्जारज्जूवर दाब आला होता, यात शंका नव्हती. या जातीच्या कुत्र्यांना हे होतं. प्रश्न एकच होता आणि सगळं त्या एका प्रश्नावर अवलंबून होतं. मागच्या पायांत जाणीव उरली आहे की गेली?

उरली असेल तर सुया, विश्रांती, औषधं. बहुतेक कुत्री काही आठवड्यांत उठतात. गेली असेल तर तासातासाला हिशेब बदलतो. लवकर कणा उघडून दाब काढला तर निम्मी कुत्री चालतात. दिवस उलटला की आशा झपाट्याने खाली येते. मग सुया टोचा नाहीतर आरती ओवाळा.

तपासायची पद्धत सोपी आणि क्रूर आहे. चिमट्याने पायाच्या बोटाचं हाड दाबायचं, चांगलं जोरात. कुत्र्याने पाय ओढला, एवढ्याने काही सिद्ध होत नाही. पायाची खबर कण्यापर्यंत जाते आणि कणा परस्पर पाय ओढून घेतो, मालकाला न विचारता दारातून माणूस परत पाठवणाऱ्या वॉचमनसारखा. वर डोक्याला काही कळलेलंच नसतं. कुत्र्याने मान वळवली, ते कळवळून ओरडलं, चावायला धावलं, तरच समजायचं की जाणीव शाबूत आहे. हे पहिल्या वर्षाच्या मुलालाही येतं. ताईने तर हे शिकवलेलं होतं.

तिने चिमटा लावला. मफलरने पाय ओढला. दुसरा पाय, तोही ओढला.

"ओढला गं," मावशी म्हणाली, आणि रडायलाच लागली.

मफलरचं डोकं मावशीच्या मांडीवर होतं, दोन्ही हातांत गच्च धरलेलं, तोंड चीजच्या वाटीत. ताईला त्याचे कान दिसत होते. तोंड दिसत नव्हतं.

"आहे, जाणीव आहे," ताई म्हणाली. तिला इतकं हायसं वाटलं की तिने पुढे काही पाहिलंच नाही. सुया काढल्या आणि टोचायला घेतल्या. पाठीच्या दोन्ही बाजूंनी, शेपटीच्या मुळाशी, घोट्यात. वीस मिनिटं मफलर चाटत राहिला आणि मग डुलकी घेऊ लागला. मावशीने डोळे पुसले, नाक शिंकरलं आणि म्हणाली, "तुझ्या हाताला गुण आहे." ताईला ते ऐकायला फार आवडलं. कोणाला नाही आवडणार?

मावशीला रिक्षात बसवून ती परत आली तेव्हा धाकटा त्याच्या दारात कप घेऊन उभा होता. त्याने टॉवेल पाहिला होता, लोंबणारे पायही पाहिले होते.

"जाणीव?" त्याने विचारलं.

"आहे. पाय ओढला."

"पाय ओढला ते झालं. वळून बघितलं का?"

हा प्रश्न तिनेच त्याला शिकवलेला होता. तोच प्रश्न, त्याच आवाजात, आता तो तिला विचारत होता, तेही काउंटरवरच्या बाईदेखत. ताईच्या कानशिलात काहीतरी तापलं.

"बघितलं," ती म्हणाली.

धाकट्याने लगेच मान हलवली. "मग सुटलो. सुयांवर ठेव. बिघडलं तर तिथल्या तिथे आण." त्याच्या खांद्यांवरून ओझं उतरल्याचं स्पष्ट दिसलं. मावशीचं आणखी एक कुत्रं टेबलावर घ्यायची त्याचीही छाती नव्हती. तो आत गेला आणि ताई व्हरांड्यात दोन मिनिटं उगाच उभी राहिली.

साडेनऊला दम्याचं मांजर आलं. दहाला मालिशवाली म्हातारी शेळी. ताई कामं करत होती, पण हात एकीकडे आणि मन भलतीकडे. सुयांचं पाकीट उघडलं आणि ठेवलं कुठे ते विसरली. काढ्यांच्या बरण्या उगाचच उंचीप्रमाणे लावल्या, मग पुन्हा औषधांप्रमाणे. शेळीचा मालक म्हणाला, "ताई, आज तुम्हालाच सुया टोचायला हव्यात." ताई हसली नाही.

बघितलं असणारच, ती स्वतःला सांगत होती. मावशीने डोकं इतकं गच्च धरलं होतं, त्याला वळता आलं नसेल. पण मग कण्हला असता. कण्हला का? चाटण्याचा आवाज येत होता, तो मात्र तिला पक्का आठवत होता, चपचप, चपचप. कुत्र्याचं बोट हाडापर्यंत दाबलं जातंय आणि ते चीज चाटतंय? एवढं कसलं आलंय चीज?

अकराला तिने मावशीला फोन लावला.

"काय करतोय?"

"झोपलाय. मघाशी पायाला गुदगुल्या केल्या तर ओढला त्याने."

"छान," ताई म्हणाली.

"काय गं, तुझा आवाज असा का?"

"कसा?"

"लाइनीवर तिसरं कोणी ऐकतंय असा." तीस वर्षं लोकांचे आवाज कानात घेतलेली बाई ती, तिला काय फसवणार. ताईने घाईघाईने, पेशंट आलाय, असं म्हणून फोन ठेवला. पेशंट आलेला नव्हता.

तो बाराला आला. निवृत्त बसड्रायव्हर आणि त्यांचा लॅब्रेडोर, साहेब. तेरा वर्षांचा, खुबे गेलेले, दर आठवड्याचं गिऱ्हाईक. ड्रायव्हरकाकांनी मांडी घातली, वाटी धरली, साहेब चाटायला लागला. ताईने एकामागून एक सुया लावल्या. शेवटची मागच्या पायाच्या बोटांच्या बेचक्यात. ती जरा खोल गेली असावी. साहेबाने चाटणं थांबवलं, तोंड वर काढलं, अख्खी मान मागे वळवली आणि ताईकडे पाहिलं. दोनदा तिकीट मागितल्यावर प्रवासी बघतो तसं. मग पुन्हा वाटीत तोंड घातलं.

 बघणं हे असं असतं. यात शंका राहत नाही, आठवावं लागत नाही, ते चुकून निसटत नाही. तिने सकाळी काहीही पाहिलं नव्हतं. तिला जे हवं होतं ते तिने ठरवून टाकलं होतं, एवढंच.

आता सरळ समोरच्या दारात जायचं आणि सांगायचं की मी चुकले. वीस पावलं. ताई दोनदा व्हरांड्यात गेली. पहिल्यांदा धाकट्याच्या दारावरचा लाल दिवा लागलेला होता, तो ऑपरेशनमध्ये होता. दुसऱ्यांदा दिवा बंद होता, तरी ती नळावर पाणी पिऊन परत आली. आधी स्वतः खात्री करू, तिने ठरवलं. कशाला उगाच गोंधळ. कदाचित वळेलही. साहेबाच्या सुया काढताना तिचे हात इतके भराभर चालले की ड्रायव्हरकाका म्हणाले, "घाई आहे का, ताई? आम्हाला नाही." तिने तरीही सुया मोजून डब्यात टाकल्या, पुढच्या दोन पेशंटना उद्या यायला सांगितलं, चिमटा रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकला आणि निघाली.

मावशीचं घर चालत पंधरा मिनिटांवर. ताई दहात पोचली. वाटेत सिग्नलला थांबली तेव्हा शेजारच्या बाईने तिच्याकडे वळून पाहिलं, कारण ती मोठ्याने तास मोजत होती. पाच, सहा, सात, आठ. सव्वाआठपासून माझे.

मावशीच्या बाहेरच्या खोलीत खिडकीखाली मफलरची टोपली होती. ताईला पाहून त्याने पुढचा अर्धा भाग उचलला. शेपटी हलली नाही.

"पुन्हा तपासायचंय," ताई म्हणाली. "खाली चादर घाल. वाटी नको. आणि त्याचं डोकं धरायचं नाही."

"घाबरतो तो. मी धरते."

"मावशी, धरायचं नाही."

"थोडंसं धरते गं."

"सोड म्हणते ना त्याला." ताईचा आवाज चढला. मावशीशी ती असं कधी बोलली नव्हती. मावशीने हात काढून घेतले, मांडीत ठेवले, आणि ताईकडे न बघता खिडकीकडे बघत बसली.

ताई मफलरच्या मागे बसली. चिमटा लावला, दाबला. पाय ओढला गेला. मफलर खिडकीतून येणाऱ्या उन्हाकडे बघत होता. तिने आणखी दाबला. मफलरने जांभई दिली. दुसरा पाय. तिने चिमटा पूर्ण मिटेपर्यंत दाबला, इतका की तिच्याच बोटांना कळ लागली. पाय ओढला गेला. मफलरचा एक कान खाली रस्त्यावर वाजलेल्या हॉर्नकडे वळला. मान नाही वळली.

खोलीत घड्याळ होतं, फ्रिजची घरघर होती. ताईने चिमटा खाली ठेवला.

"मावशी, मी सकाळी चुकीचं सांगितलं," ती म्हणाली. "पाय ओढतो ते जाणीव असल्यामुळे नाही. त्याला काहीच कळत नाहीये. सकाळीही कळत नव्हतं. मी त्याचं तोंड बघायला हवं होतं, बघितलं नाही. आणि धाकट्याने विचारलं तर मी खोटं सांगितलं, वळून बघितलं म्हणून. आत्ताच्या आत्ता ऑपरेशन करायला हवं. मी पाच तास वाया घालवले."

मावशी खिडकीकडेच बघत होती.

"मला सकाळीच कळलं होतं," ती म्हणाली.

"काय कळलं होतं?"

"त्याचं तोंड माझ्या हातात होतं ना. तू चिमटा लावलास तेव्हा तो चाटत होता. थांबलाच नाही. माझ्या मनात आलं, याला दुखलं कसं नाही?"

"मग बोलली का नाहीस?"

"तू विचारलं नाहीस." मावशीने डोळ्यांना पदर लावला. "आणि मला बरंच वाटलं, तू विचारलं नाहीस ते. विचारलं असतंस तर त्याला तिकडे नेलं असतंस."

 ताईला राग यायला हवा होता, तो आलाही, पण कोणावर काढायचा ते कळेना. तिघं मोठी माणसं, तिघांनाही एकच उत्तर हवं होतं, आणि तिघांनी मिळून त्या बिचाऱ्या जिवाला गप्प बसवलं होतं. तिने टोपली उचलली.

"चल," ती म्हणाली. "चप्पल घाल."

"तिकडे?"

"तिकडे."

मावशी उठायला वेळ लावत होती. गुडघ्यावर हात ठेवून बसली होती. "तिकडून गुंडी परत आली नाही," ती म्हणाली. "हा पण नाही आला तर मी या घरात काय करू, ते सांग."

"माहीत नाही," ताई म्हणाली. "पण इथे ठेवला तर तो उठणार नाही. हे मात्र मला माहीत आहे."

मावशीने चप्पल घातली.

रिक्षात टोपली दोघींच्या मांड्यांवर अर्धी अर्धी होती.  ताई प्रत्येक खड्ड्याला टोपली उचलून धरत होती आणि प्रत्येक सिग्नलला ओठ चावत होती. धाकट्याला फोन केला होता. एवढंच म्हणाली होती, मफलरला आणतेय, टेबल तयार ठेव. का, ते सांगितलं नव्हतं. ते तोंडावर सांगायचं होतं.

धाकटा उजव्या दारात हात धुऊन उभा होता. मावशी उंबऱ्याशी थांबली. दोन वर्षांनी त्या दाराशी उभी होती. धाकट्याने तिच्याकडे पाहिलं, मग टोपलीकडे, आणि केसपेपर पुढे ओढला.

"जाणीव केव्हा गेली?" त्याने विचारलं.

"दुपारी," मावशी म्हणाली.

ताईने चमकून मान वळवली. मावशी सरळ धाकट्याच्या डोळ्यांत बघत होती, चेहऱ्यावरची रेषही हलत नव्हती. "सकाळी होती हं," मावशी पुढे म्हणाली. "ठमीने नीट तपासलं होतं. एक-दीडला बिघडला."

धाकट्याने सुस्कारा सोडला. "म्हणजे तासभरच झाला. मग काळजी करू नकोस. लवकर आणलंत." त्याने पेन उघडलं.

किती सोपं होतं. नुसतं गप्प बसायचं. दुपारी बिघडणारी कुत्री रोज येतात, कोणी विचारलंही नसतं. मावशी तिच्यासाठी खोटं बोलत होती, आयतं पदरात टाकत होती, आणि ताईला एक क्षण वाटलं की घ्यावं. खरंच वाटलं. मग धाकट्याच्या पेनाचं टोक कागदाला टेकलेलं तिला दिसलं. त्या आकड्यावर तो ठरवणार होता, किती वेळ भूल द्यायची, कणा किती उघडायचा, मावशीला काय आशा दाखवायची.

"दुपारी नाही," ताई म्हणाली. "सकाळी सव्वाआठलाच नव्हती. पहाटे पाचलाही नसेल. त्याने वळून बघितलं नव्हतं. मी बघितलंच नव्हतं की त्याने बघितलं का. तुला खोटं सांगितलं."

काउंटरवरच्या बाईने मान वर केली, बहुधा त्या वर्षात पहिल्यांदाच.

धाकटा ताईकडे बघत राहिला. ओरडेल असं तिला वाटलं, आणि त्याने ओरडावं असंही वाटलं. त्याने कागदावर वेळ लिहिली. पहाटे पाच, किंवा आधी.

"तू मला शिकवलंयस हे," तो हळू आवाजात म्हणाला.

"हो."

"मी तुला पुन्हा विचारलंही नाही. तू सांगितलंस म्हणून."

"हो रे."

"सकाळी आणलं असतं तर?" मावशीने मध्येच विचारलं.

धाकट्याने पेन खाली ठेवलं. त्याने ताईकडे पाहिलं. हे त्याचं नव्हतं, तिचं होतं.

"सकाळी आणलं असतं तर जास्त आशा होती," ताई म्हणाली. "आता कमी आहे. आहे, पण कमी आहे."

मावशीने मान हलवली, सावकाश, दोन-तीनदा. मग खाली वाकून मफलरच्या कपाळावर गाल टेकवला, टोपली उचलली आणि स्वतः धाकट्याच्या हातात दिली. धाकट्याचे हात थरथरत होते. मावशीने ते पाहिलं, आपला हात त्याच्या मनगटावर ठेवला आणि थरथर थांबेपर्यंत काढला नाही.

"भुलीचा डॉक्टर मघाशीच गेला, चारपर्यंत परत यायचा नाही," धाकटा म्हणाला. तो आता ताईशी बोलत होता, नजर न मिळवता. "तेवढा वेळ नाही आपल्याकडे. फोटो काढून जागा नक्की करायला वीस मिनिटं, मग लगेच उघडतो. भुलीला कोणीतरी बसायला हवं. नळी, नाडी, श्वास. तुला अजून येतं का?"

अकरा वर्षांत ताईने त्या खोलीत पाऊल ठेवलं नव्हतं. "येतं," ती म्हणाली, आणि या वेळी तिने आधी खरोखर आठवून पाहिलं, एकेक गोष्ट, मगच तोंड उघडलं.

"मग हात धुऊन ये." तो टोपली घेऊन आत गेला.

ताई मावशीकडे वळली. मावशी बाकावर बसली होती, पर्स छातीशी धरून. इतकी लहान दिसत होती की ताईला भडभडून आलं.

"मावशी, तुला नको असेल तर मी नाही बसत. चारपर्यंत थांबू. तू म्हणशील तसं."

"मी रागावलेय तुझ्यावर," मावशी म्हणाली. "खूप रागावलेय. स्वतःवरही. घरी गेल्यावर बोलू त्याचं." तिने नाक पुसलं. "गुंडीच्या वेळी तो भुलीवाला मोबाइल बघत होता. धाकट्याने मला कधी सांगितलं नाही. पण मला दारातून दिसलं होतं."

ताई तिच्यासमोर उभीच होती. 

"जा," मावशी म्हणाली. "आणि आता तरी नीट बघ."

ताईने बाह्या कोपरांपर्यंत वर सारल्या, नळाखाली हात धुतले, आणि उजव्या दारातून आत गेली.